आईच्या गोळ्यांचा डबा (वय ७९, चिठ्ठी जुनीच)

कुळागर
सोमवार, रात्री १०:१२

लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. चवथ आटोपली, पाहुणे गेले, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरवली, आज जरा उसंत मिळाली.

आई ७९ वर्षांची. गोव्यात फोंड्याजवळ आमचं जुनं घर. बीपी वीस वर्षांपासून, साखर पंधरा. तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, तिचा उपास असतो, आणि वयाची सबब सांगून उपास सोड म्हटलं तर ऐकणारी बाई ती नव्हे. दुपारी नेवऱ्यांचं सारण करून पाटावरून उठली आणि उठता उठता पडली. डावं मनगट मोडलं. ते सोडा, मनगट जुळतं.

जिथे नेलं तिथे साखर तपासली, ६१. शिरेतून ग्लुकोज दिलं, अर्ध्या तासात साखर वर आली. आई मात्र काही वर येईना. मला विचारते, "तुजे बाबा आयले?" बाबा खाणीवर होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. रात्री उठून गोठ्यात जाते म्हणाली. गोठा मोडून तिथे आता माझी गाडी असते. तिथल्या एकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "वयामुळे होतं असं, मनाची तयारी ठेवा." मी ठेवलीसुद्धा. तिची खोली माडीवरून खाली कशी आणायची याचं बोलणं बायकोशी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलली आणि एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिचा पहिला प्रश्न, "घरच्या गोळ्या आणल्यात? कागद नको, गोळ्या." माझी मुलगी स्कूटरने डबा घेऊन आली. डॉक्टरने तो पलंगावर चक्क ओतला. अकरा वस्तू निघाल्या. मग तिने रक्तातलं सोडियम पाठवलं, ते आलं १२१. असायला हवं १३५ ते १४५. तीन-चार दिवस सावकाश वर आणलं. पाचव्या दिवशी आई मला म्हणाली, "माटोळी कोणी बांधली? शिपटं मधोमध कोण बांधतं?" तेव्हा कळलं, आली परत.

अकरा वस्तू अशा: बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी, बीपीचीच ॲम्लोडिपिन, पाय सुजतात म्हणून पाण्याची गोळी फ्युरोसेमाइड, साखरेची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, पोटासाठी पॅन्टोप्राझोल, झोपेची क्लोनाझेपाम, चक्करेची सिनारिझिन, गुडघ्यासाठी ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, कॅल्शियम, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब, आणि दोन दिवसांपूर्वी मीच दुकानातून आणून दिलेली सर्दीची पट्टी.

यातली एकही कुणी वेडेपणाने लिहिलेली नाही. बीपीची गोळी तर तिला साठीपासून तीच, डोसही तोच. मग आताच हे का? जाणकारांनी समजावून सांगावं. आणि माझं काय चुकलं तेही सांगा, लपवू नका.

---

शीतकडी
सोमवार, रात्री १०:४०

बापरे. आई बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. माझ्या सासूबाईंच्या डब्यात नऊ. आत्ता उठून मोजल्या.

---

फार्मासीवाली
सोमवार, रात्री ११:०५

म्हापशाला फार्मासीच्या काउंटरमागे माझी तेवीस वर्षं गेली, म्हणून बोलते.

आधी तुमच्या सर्दीच्या पट्टीबद्दल. त्यात बहुतेक क्लोरफेनिरामिन असतं. तुम्ही-आम्ही घेतलं तर जरा पेंग येते. सत्तरीपुढच्या माणसाला त्याने डोक्यात धुकं चढतं, तोंड सुकतं, शौचाला होत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या काकांची लघवीच अडकते. वर फिनिलेफ्रिन असलं तर बीपी चढतं. आणि पॅरासिटामॉल त्यातही आहे, गुडघ्याच्या गोळीतही. लोक पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचतात, खालचं बारीक कोणी वाचत नाही. एक काका दोन डॉक्टरांकडून दोन ब्रँड घेत होते. दोन्ही टेल्मिसार्टन. बीपी सारखं उतरतं म्हणून ते चक्करेची गोळी मागायला आले होते.

तुम्ही थेंबही मोजलेत म्हणून शाबास. डोळ्याचं औषध लोक औषधात धरतच नाहीत. टिमोलॉल डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून थेट रक्तात. नाडी मंदावते आणि दमेकऱ्याला धाप लागते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे आत कमी जातं.

तुमचं काय चुकलं विचाराल तर काही नाही. आमच्यासारख्या दुकानदाराने "कोणासाठी?" हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

---

निवृत्त_वैद्यकी
मंगळवार, सकाळी ६:५०

फार्मासीवालीबाईंनी माझं अर्धं काम केलंय. उरलेलं थोडं सविस्तर लिहितो. सक्काळी उठतो, वेळ भरपूर असतो. (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी. आमच्या कॉलेजचं मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत, हा उल्लेख केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.)

कुळागर, तुमच्या मातोश्रींच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, किती होतं? आणि वजन?

---

कुळागर
मंगळवार, सकाळी ७:२५

क्रिएटिनिन ०.९. पुढे "नॉर्मल" छापलंय. वजन ४६ किलो.

---

निवृत्त_वैद्यकी
मंगळवार, सकाळी ८:१०

वाटलंच होतं. आता कागद-पेन्सिल घ्या. १४० मधून वय वजा करा, राहिले ६१. त्याला वजनाने गुणा, २८०६. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, म्हणजे ६४.८ ने. आले ४३. बाईमाणसाला ०.८५ ने गुणायचं. उरले मिनिटाला साधारण ३७ मिलिलिटर, ही त्यांच्या मूत्रपिंडाची गाळणी. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं १९७६ चं हे सूत्र आहे. अंदाजच देतं, पण औषधाचा डोस ठरवताना आजही वापरतात.

हेच तुमच्या सौभाग्यवतींचं काढा. समजा वय ४०, वजन ६० आणि क्रिएटिनिन तेच ०.९. उत्तर येईल ७९. रिपोर्टात दोघींपुढे "नॉर्मल" छापलेलं, आणि सासूबाईंची मूत्रपिंडं सुनेच्या निम्म्याहून कमी काम करतायत.

हे कसं? क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. वयाने स्नायू झडतात, त्यामुळे तेही कमी तयार होतं. मूत्रपिंडाची गाळणीही चाळिशीनंतर बहुतेकांची वर्षाला साधारण एक मिलिलिटरने मंदावते. येणारं कमी, जाणारं कमी, म्हणून रक्तातला आकडा तिथल्या तिथे. यात आजार काही नाही, वय आहे. पण मूत्रपिंडातून बाहेर पडणारं औषध आता जास्त वेळ अंगात राहणार. मेटफॉर्मिन त्यातलंच. गाळणीचा आकडा ४५ खाली गेला की तिचा डोस पुन्हा बघायचा, ३० खाली गेला की ती बंद.

यकृताचं थोडं वेगळं. ते आकाराने घटतं, त्याला रक्तही कमी मिळतं. काही औषधं तिथे पूर्वीसारखी मोडत नाहीत. त्यात अंगातलं पाणी आणि स्नायू कमी होऊन चरबीचा वाटा वाढतो, माणूस काटकुळा दिसला तरी. चरबीत मुरणाऱ्या गोळ्या मुरून बसतात. डायझेपामचं जुनं उदाहरण आहे: विशीतल्या माणसात निम्मी गोळी उतरायला साधारण वीस तास, ऐंशीच्या घरात ऐंशी-नव्वद. म्हणजे सोमवारची अजून अंगात, वर मंगळवारची, वर बुधवारची.

आणि मेंदू. तेवढंच औषध रक्तात असलं तरी म्हाताऱ्या मेंदूला ते जास्त लागतं. क्लोनाझेपाम ०.२५ म्हणजे "बारीकशी" गोळी असं सगळे म्हणतात. रात्री तीनला लघवीला उठणाऱ्या माणसाला ती बारीक नसते.

पोटातून औषध शोषलं जाण्यात मात्र वयाने फारसा फरक पडत नाही. लोकांचा संशय नेमका तिथेच असतो, "आतां पोटाक लागना."

---

वाळपईकार
मंगळवार, सकाळी ९:३०

डॉक्टर, सूत्र ठीक आहे, पण ते करणार कोण? आमच्या बाबांचे चार डॉक्टर. हृदयाचे वेगळे, साखरेचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि गावातले जे सर्दी-तापाला बघतात. चारांचे चार कागद. एकाला विचारलं तर म्हणतो, दुसऱ्याच्या औषधात मी हात घालत नाही. सत्तरी तालुक्यातून सकाळची पहिली बस धरून बांबोळीला पोचायचं, नंबर लावायचा, आणि आत डॉक्टरकडे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत सूत्र सोडवायला सांगू?

---

निवृत्त_वैद्यकी
मंगळवार, सकाळी १०:१५

तुमचा राग रास्त आहे. मीही तीस वर्षं त्या पाच मिनिटांच्या पलीकडच्या खुर्चीत बसलो, त्यामुळे बचाव करत नाही. एकच सुचवतो: चारांपैकी एकाला धरा, शक्यतो गावातल्यालाच, आणि त्याला सांगा की सगळी पिशवी वर्षातून दोनदा तुम्ही बघायची. नवी गोळी लिहून मिळाली की विचारा, हिच्याऐवजी कुठली जाईल?

कारण गोळी गोळीला जन्म देते. कुळागरांच्या डब्यातच बघा. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतून पाझरल्याची असते. पण दिसते सूज, म्हणून आली फ्युरोसेमाइड. तिने सूज हटत नाही. पाणी, मीठ, पोटॅशियम मात्र जातं. मग उठताना चक्कर. म्हणून आली सिनारिझिन. ही जास्त दिवस घेतली तर काही म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, चाल अडखळते, चेहरा मख्ख होतो. मग कोणीतरी म्हणणार, कंपवात झालाय, त्याची गोळी सुरू करा. मी अशी पूर्ण माळ पाहिली आहे. एका बाईंची सिनारिझिन बंद केली, तीन महिन्यांत कंप गेला.

---

पणजीचा_पारवा
मंगळवार, सकाळी ११:००

म्हणजे बांगड्याच्या हुमणात मीठ जास्त झालं म्हणून सोलं घातली, आंबट झालं म्हणून गूळ घातला, असं आहे हे.

---

शीतकडी
मंगळवार, सकाळी ११:०४

हुमणात गूळ कोण घालतं??

---

पणजीचा_पारवा
मंगळवार, सकाळी ११:०६

माझी बायको. म्हणून तर उदाहरण सुचलं.

---

आजो_सत्त्याहत्तर
मंगळवार, दुपारी ४:२०

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून आमच्यातला एक बोलतो. वय ७७. टायपिंग नातू करत नाही, मीच करतोय, वेळ लागतो.

एक. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, मुलाशी बोलतात. "ह्यांना भूक लागते का?" मी समोर बसलेला. मग मीही सांगत नाही.

दोन. काय सांगत नाही ते ऐका. पाण्याची गोळी मी भजनाला जायच्या दिवशी घेत नाही. कदंबाच्या बसमध्ये तासभर धरून बसायचं, उतरल्यावर देवळामागे जागा शोधायची, या वयात ही लाज नको. आठवड्यातून दोन वेळा तरी गोळी खिडकीतून जास्वंदीत जाते. जास्वंद बरी आहे.

तीन. फेणी. चाळीस वर्षं रात्री जेवणाआधी एक माप, त्यावर कधी नाही. माप तेच, ग्लास तोच. गेली दोन वर्षं त्याच मापाने पाय लटपटतात. वाटलं, फेणीत भेसळ आली. गावच्या भाटकाराशी (बागायतीच्या मालकाशी) भांडूनही आलो. आता तुम्ही म्हणता अंगातलं पाणी कमी झालं. म्हणजे माप तेच, विरघळायचं तळं आटलं. भाटकाराची माफी मागावी लागणार.

---

निवृत्त_वैद्यकी
मंगळवार, संध्याकाळी ५:४५

आजो, तळ्याचं तुम्ही म्हणालात ते मी दोन परिच्छेदांतही इतकं नीट सांगू शकलो नसतो. फेणी, लिथियम, डिगॉक्सिन, पाण्यात मिसळणाऱ्या सगळ्यांचं तेच. जठरातही दारू पूर्वीइतकी मोडत नाही.

गोळी जास्वंदीला घालू नका. पाण्याच्या गोळीचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो, म्हणून तिच्या ब्रँडचं नाव लॅसिक्स, "लास्ट्स सिक्स". भजनाच्या दिवशी ती घरी परतल्यावर घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. बहुतेक जण हो म्हणतील. पण त्यांना गोळी चुकते हेच माहीत नसेल तर सूज उतरत नाही बघून डोस वाढवतील. मग कधीतरी आजारी पडून तुम्ही दवाखान्यात भरती व्हाल आणि नर्स वाढलेला डोस रोज नेमाने देईल. तेव्हा बीपी कोसळतं. हे घडतं.

आणि मुलाला पुढच्या वेळी बाहेर बसवा.

---

स्विंडनकर
मंगळवार, रात्री ११:५०

मी इथे इंग्लंडात, आई-बाबा गोव्यात डिचोलीत दोघंच. इथल्या किती गोंयकारांचं हेच असेल. व्हिडिओवर रोज बोलतो, "गोळी घेतली?" "घेतली." संपलं. लांबून काय बघता येईल?

---

फार्मासीवाली
बुधवार, सकाळी ८:००

बरंच. महिन्यातून एकदा सगळ्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरायला सांगा, आणि तुम्ही बारीक अक्षरातलं नाव लिहून घ्या. किती गोळ्या उरल्यात ते मोजा. उरायला नकोत तेवढ्या उरल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा. वजन विचारा. सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरलं असेल तर जुने डोस त्या अंगाला मोठे झालेत.

बीपी मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजायचं, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने पडला तर उठता-बसता तोल जाण्याचं ते कारण असू शकतं, डॉक्टरांना कळवा. तरुणपणी उभं राहिलं की मानेतल्या धमन्यांचं यंत्र क्षणात बीपी सावरतं, म्हातारपणी ते सुस्तावतं, त्यात बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची भर. पडण्याच्या भीतीने लोक बाथरूममध्ये दांडी बसवतात. तीही बसवाच, पण आधी उभ्याचं बीपी.

---

अनंतमूळ
बुधवार, सकाळी ११:३०

इतकी विषं पोटात घालण्यापेक्षा मुळात जा. म्हातारपण वाताचं, त्याला स्निग्ध-उष्ण आहार हवा. घशाला-खोकल्याला दुकानातली पट्टी आणण्यापेक्षा ज्येष्ठमधाचा काढा दिला असता तर ही वेळ आली नसती.

---

निवृत्त_वैद्यकी
बुधवार, दुपारी १२:२०

अनंतमूळ, आदर ठेवून सांगतो: या बाईंना ज्येष्ठमध नकोच. ते अंगात मीठ-पाणी धरून बीपी चढवतं आणि पोटॅशियम घालवतं. पाण्याच्या गोळीने ते आधीच जात असतं. तुमच्याच शास्त्रात मात्रा वय आणि बल बघून ठरवायला सांगितलीय ना? तोच नियम मी सांगतोय. काढाही डब्यातच मोजायचा. साखरेसाठी कोणी कारल्याचा रस, मेथी वगैरे घेत असेल तर तेही, नाहीतर ग्लिमेपिराइडच्या जोडीने साखर जास्तच उतरेल.

---

अनंतमूळ
बुधवार, दुपारी १२:५५

ज्येष्ठमधाचं मान्य. आमच्याकडेही रक्तदाबाच्या रुग्णाला ते जपूनच देतात, मी घाईत लिहिलं. "विषं" हा शब्द मागे घेत नाही.

---

कशाला_घाबरवता
बुधवार, रात्री ९:१५

छान. वडिलांनी हा धागा वाचला आणि आज सकाळपासून सगळ्या गोळ्या बंद. मेटोप्रोलॉल, बीपीची, झोपेची, सगळ्या. म्हणे "आपल्या वयाला झेपत नाहीत." आता समजवा कोणीतरी.

---

निवृत्त_वैद्यकी
बुधवार, रात्री ९:३५

आज रात्रीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. तो होईपर्यंत वडिलांना हे वाचून दाखवा, मोठ्याने:

काका, मेटोप्रोलॉल एकाएकी तोडली की हृदय उसळी मारतं. छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेऊन एका दिवसात सोडली तर झोप पार उडते, हात कापतात, कुणाला फिटही येते. या गोळ्या काढायच्या असतात त्या पायरी पायरीने, आठवडे लावून.

आणि वय झालं म्हणून औषधच नको, हेही खोटं. २००८ मध्ये हायव्हेट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ऐंशी आणि त्यापुढच्याच ३८४५ माणसांना घेतलं होतं. बीपीची गोळी घेणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले, हृदय निकामी होणं तर खूपच कमी झालं, आणि मृत्यूही कमी झाले. तेव्हा ऐंशीतलं बीपी "असू दे" म्हणून सोडायचं नाही. उलटं उदाहरण ॲस्पिरिनचं. हृदयाचा त्रास कधीच न झालेल्या सत्तरीपुढच्या धडधाकट लोकांना रोज ॲस्पिरिन देऊन पाहिलं, ॲस्प्री नावाची चाचणी, २०१८. फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढले. पण ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांची ॲस्पिरिन ही नव्हे. म्हणजे प्रत्येक गोळीचा हिशेब वेगळा.

आमच्याकडे म्हण आहे, थोड्याने सुरू करा, हळू वाढवा. तिचा तिसरा भाग लोक विसरतात: पण वाढवा.

---

कशाला_घाबरवता
बुधवार, रात्री १०:२०

फोन झाला. त्यांनी मेटोप्रोलॉल लगेच द्यायला सांगितली, घेतली. झोपेच्या गोळीवर अजून वाद चालू आहे. धन्यवाद, आणि नाव बदलणार नाही.

---

शीतकडी
गुरुवार, सकाळी १०:००

डॉक्टर, एक शंका. सोडियम नक्की कशाने उतरलं? आई मीठ कमी खात होत्या का?

---

निवृत्त_वैद्यकी
गुरुवार, सकाळी १०:४०

मीठ कमी खाल्ल्याने एकट्याने सहसा इतकं उतरत नाही. मुख्य संशयित जोडगोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड. ते लघवीतून सोडियम घालवतं आणि पाणी नीट बाहेर पडू देत नाही. म्हाताऱ्या, काटकुळ्या बायकांना हे जास्त होतं. वीस वर्षं चाललं मग आता का, हा कुळागरांचा मूळ प्रश्न. खाजनाची मानस, म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, पाहिलीय ना? जुन्या दाराच्या फळ्या ढिल्या झालेल्या असतात, पण रोजच्या भरतीला दार टिकतं. कुणाला काही कळत नाही. अमावास्येच्या उधाणाला तेच दार पाणी आत घेतं. म्हातारं शरीर रोजच्या दिवसाला पुरतं, शिल्लक नसते. तयेचा उपास, दिवसभर चुलीपुढे घाम, दोन लघवीच्या गोळ्या, उपाशीपोटी ग्लिमेपिराइड, डोक्यावर सर्दीची पट्टी. उधाण आलं. म्हाताऱ्यांना तहानही कमी लागते, त्यामुळे शरीर वेळेवर बोंबही मारत नाही.

म्हणूनच ताप, जुलाब, उलट्या किंवा उपास असेल त्या दिवशी कुठल्या गोळ्या थांबवायच्या, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. लघवीच्या, टेल्मिसार्टनच्या जातीच्या, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. यात ॲसेक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी मिसळली की मूत्रपिंड एका आठवड्यात बसू शकतं. त्या तिघी एकत्र, टेल्मिसार्टन, लघवीची आणि दुखण्याची, मला साठीपुढच्या कागदावर दिसल्या की मी आजही पेन काढतो. आणि कुळागर, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी शक्तीला म्हणून रोज पाजत असाल तर थांबा. त्यात पोटॅशियम भरपूर. ३७ ची गाळणी आणि टेल्मिसार्टन असताना ते साठतं.

---

कुळागर
गुरुवार, रात्री ९:५०

पाजत होतो. रोज एक. बंद केलं.

आज त्याच डॉक्टर मुलीकडे दाखवून आलो. डबा आता पाच आणि थेंबांवर आलाय. जोडगोळीच्या जागी नुसती टेल्मिसार्टन. ॲम्लोडिपिन निम्मी केली, फ्युरोसेमाइड गेली, आणि घोटे खरंच पहिल्यापेक्षा बरे आहेत. सिनारिझिन, ॲसेक्लोफेनॅक गेल्या, दुखलं तर नुसती पॅरासिटामॉल. ग्लिमेपिराइड काढून मेटफॉर्मिन कमी डोसात. क्लोनाझेपाम एक दिवसाआड अर्धी, मग बघू. पॅन्टोप्राझोल ज्या दुखण्याच्या गोळीसाठी होती तीच नाही, म्हणून तीही गेली. कॅल्शियम ठेवलं. मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेतलीय म्हणून बी-१२ तपासायला सांगितलं.

आता जे लिहायला आलो ते. संध्याकाळी आईची पानाची चंची साफ करायला काढली. सुपारीच्या खणात कागदाच्या पुडीत चार गोळ्या. पट्टी नाही, नाव नाही. पांढऱ्या, मध्ये रेघ. विचारलं तर म्हणे शेजारच्या मावशीने गुडघ्यासाठी दिल्या, ती बाजारात एकाकडून आणते, "एकदम गूण येता." शिमग्यापासून रोज एक घेत होती. अकराव्या-बाराव्याचा हिशेब सोडा, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चवथीच्या आधी आठ-दहा दिवस पुडी संपली. मावशी मुलीकडे गेली होती, म्हणून नव्या मिळाल्या नाहीत. या चार नंतर आल्या. अजून घेतल्या नाहीत म्हणते.

---

फार्मासीवाली
गुरुवार, रात्री १०:०२

फोटो टाकू नका, फोटोवरून पांढरी गोळी कोणी ओळखत नाही. आईंना द्यायची नाही, पण फेकूही नका. आजार न बघता "एकदम गूण" देणारी सुटी गोळी म्हटलं की माझ्या मनात पहिलं नाव स्टेरॉइडचं येतं.

---

निवृत्त_वैद्यकी
गुरुवार, रात्री १०:१५

माझ्याही. कुळागर, नीट वाचा. गोळीत काय आहे ते माहीत नाही, म्हणून अंदाजाने निदान करत नाही. पण ती स्टेरॉइड असेल आणि पाच-सहा महिने रोज घेतली असेल, तर अंग कॉर्टिसॉल हे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं सोडून देतं. मग पुडी संपली की एकाएकी काहीच उरत नाही. बीपी पडतं, साखर उतरते, सोडियम उतरतं. उठताना माणूस पडतो. आज सकाळी मी सगळं थायझाइड आणि उपासावर घातलं होतं. ते कारण असेलच, पण एकटं नसेलही.

आत्ता आई कशा आहेत? उलटी, गळाठा, झोपाळूपणा, भूक मेलीय?

---

कुळागर
गुरुवार, रात्री १०:२१

भूक कमी आहे, थकवा आहे, पण उठून बसलीय. टीव्हीवर नाटक बघतेय. बीपी आत्ता मोजलं: आडवी ११८, उभी ९८.

---

निवृत्त_वैद्यकी
गुरुवार, रात्री १०:२६

त्या डॉक्टर मुलीला आत्ताच फोन करून हे सगळं सांगा. तिने वेगळं काही सांगितलं नाही तर उद्या सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल, सोडियम, पोटॅशियम, साखर. पुडी बरोबर न्या. रात्रीत उलटी झाली, बरळायला लागली किंवा उठवत नसेल तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा, आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: "स्टेरॉइड असू शकेल अशी गोळी सहा महिने घेऊन बंद झालीय."

शेजारच्या मावशींनाही उद्याच गाठा. त्यांनी एकाएकी बंद करायची नाही, त्यांनाही दाखवायचं.

---

कुळागर
गुरुवार, रात्री १०:४१

फोन झाला. तीही तेच म्हणाली, साडेसातला बोलावलंय. मावशीच्या मुलाला कळवलं.

आई विचारतेय, उपाशी जायचं का? चहा तरी मिळणार ना?

---

निवृत्त_वैद्यकी
गुरुवार, रात्री १०:४३

चहा द्या, बिस्किटही द्या. उपास नको.